नऊ पावत्यांवरचं माझं नाव

अहो,

आज सकाळी सव्वाअकरा वाजता माझ्या मोबाईलवर पाच लाख रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच मेसेज उघडला, आकडा वाचला, मग शून्यं बोटानं मोजली. तव्यावरची भाकरी काळी झाली तेव्हा भानावर आले.

घरात सांगायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. चार वाजता बायका येणार आहेत. त्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि खरं सांगू का, थोडं भांडायचंही आहे.

जन्मात तुम्हाला कधी चिठ्ठी लिहिली नाही. नाव तर उखाण्यापुरतंच घेतलं. तेव्हा पत्रातही 'अहो'च म्हणते. ऐकताय ना?

तुमची बँक बंद पडली.

तीन महिन्यांपूर्वी मी नवी पेठेत दोऱ्याची रिळं आणायला गेले होते. रस्त्यात ही गर्दी! मला वाटलं साड्यांचा सेल लागला. पुढं गेले तर गर्दी आपल्या बँकेसमोर. शटर अर्धं खाली, त्यावर कागद चिकटवलेला. कागद मोठा, अक्षर बारीक. एक म्हातारे म्हणाले, "बाई, चष्मा हाय तुमच्याकडं, वाचा की जरा मोठ्यानं."

मी वाचायला लागले. सगळ्या बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या वरच्या बँकेचा हुकूम होता. पुढचा आदेश येईपर्यंत ठेवीदारांना पैसे काढता येणार नाहीत. तेवढं वाचलं आणि मी चष्मा काढून पुसला. म्हातारे म्हणाले, "परत वाचा. चुकलं असंल तुमचं." मी परत वाचलं. चुकलं नव्हतं.

चालत घरी आले. रिक्षा करायची आठवण राहिली नाही. तुम्ही गेल्यावर मिळालेले आपले दोन लाख त्याच बँकेत होते. वाटभर तेवढाच विचार. मला काय माहीत, खरा धक्का अजून यायचा होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसम्मा आली. विड्या वळणारी, आपल्या बोळातली. कमरेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पिशवी, त्यातून एक घडी घातलेला कागद.

"अक्का, तू वाचतीस न्हवं. बघ की, ह्यातलं किती मिळंल?"

मुदत ठेवीची पावती होती. साठ हजारांची. आणि वर नाव माझं.

"नरसम्मा, माझी पावती तुझ्याकडं कशी?"

"तुझी कुटली? माझी हाय. नाव तेवढं तुझं हाय."

मी पावती उलटसुलट करून बघितली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अय्यो! तुला म्हाईत न्हाय? घरात अण्णा बोलले न्हाईत तुला?"

"काय बोलायचं होतं त्यांनी?"

"तीन वर्सं तू कायच बोलली न्हाईस. आमी म्हनलो, अक्का लई खंबीर हाय. आमचं समद्यांचं सांबाळती पर तोंडातनं शबूद काढत न्हाय. तुझ्या भरवशावर झोपतो की आमी!"

अहो, मी काय सांभाळत होते? मला ठाऊक तरी होतं का?

संध्याकाळपर्यंत नऊ जणी आल्या. रुक्सानाआपाची पावती उशीच्या अभ्र्यात शिवलेली, तिथंच बसून तिनं दातानं टाके तोडले. म्हणाली, "बाजी, तुमारे मियाँ बोले थे, मेरी बीवी का नाम है, समझो तिजोरी है." तिजोरी! त्या नऊ पावत्या मी फरशीवर ओळीनं मांडल्या. नऊ वेळा माझं नाव. अर्जाच्या प्रतींवर नऊ वेळा माझी सही. आणि सही खोटी म्हणावं, तर तसंही नव्हतं. माझीच होती.

मग एकेक आठवायला लागलं. तुम्ही चहाच्या वेळी कागद पुढं करायचात. "इथं सही कर. तू आता ज्येष्ठ नागरिक झालीस, तुला अर्धा टक्का जास्त व्याज मिळतं." मी हसून म्हणायचे, चला, म्हातारपणाचा एक तरी फायदा झाला. मला वाटायचं आपलीच ठेव फिरवताय. एवढ्या वेळा कशाला फिरवताय, हे विचारायचं मला का सुचलं नाही?

सांगते का ते. मला सही करता येते याचाच मला फार अभिमान होता. चौथीत शाळा सुटली माझी. पुढचं वाचायला मी कारखान्यात शिकले, टॉवेलच्या कडा शिवता शिवता. इंग्रजी अक्षरं लेबलांवरून जुळवली, मराठी पेपर तुमच्या डब्याला गुंडाळून यायचा तो वाचून काढला. तुम्ही लोकांना सांगायचात, "हिला मी शिकवलं." अहो, तुम्ही फक्त सही शिकवलीत! बाकीचं माझं मी शिकले. आणि सगळ्या जगाचं वाचणारी मी, माझ्या स्वतःच्या सहीवरचा मजकूर मात्र कधी वाचला नाही. नवरा पुढं ठेवतोय, त्यात काय वाचायचं? ही माझी चूक. ती तुमच्यावर ढकलत नाही.

पण तुमची चूक तुम्हाला ऐकावी लागेल.

तुम्ही पिग्मीवाले. सायकल, नंतर ती जुनी लूना, खांद्याला खाकी पिशवी. भवानी पेठेत दारोदार फिरून कुणाचे दहा, कुणाचे वीस रुपये रोज गोळा करायचे आणि बँकेत भरायचे. एखादीनं एक दिवस पैसे दिले नाहीत की तो खाडा. तुम्हाला खाडा सोसायचा नाही. स्वतःच्या खिशातून दहा रुपये घालायचात. त्यावरून मी किती बोलायचे! तुम्ही रागावून कानडीत काहीतरी पुटपुटायचात आणि दुसऱ्या दिवशी परत घालायचात.

बायकांची पिग्मी वर्षानं पिकली की तिची मुदत ठेव करायची. ती तुम्ही त्यांच्या नावावर का केली नाहीत, ते मला नरसम्मानं सांगितलं. तिचं पहिलं पासबुक तिच्या नवऱ्याला सापडलं होतं. त्यानं पैसे काढून दारूत घातले, वर तिचा हात मोडला. तो हात मीच आवळून बांधला होता, तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. ती म्हणाली होती, मोरीत पडले. तुम्हाला खरं माहीत होतं. मला नव्हतं.

त्यानंतर तुम्ही ठरवलंत, बायकांचे पैसे माझ्या नावावर. मोबाईलवरचा मेसेज त्यांच्या नवऱ्यांच्या खिशात वाजायला नको. वर अर्धा टक्का जास्त! किती खूश झाला असाल तुम्ही त्या दिवशी. मला दिसतंय तुमचं तोंड. मनातल्या मनात हसत घरी आला असाल आणि मी विचारलं असेल, काय झालं, तर म्हणाला असाल, काही नाही, भाजी काय केलीस?

नऊ पावत्या घेऊन मी बँकेत गेले. काऊंटरला एक तरुण मुलगी बसते आता. रडून रडून तिचे डोळे सुजलेले. लोक दिवसभर तिलाच बोलतात. तिनं मला पाणी दिलं. म्हणाली, "काकू, घाबरू नका. ठेवींना विमा असतो. प्रत्येक ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंत मिळतात."

माझा जीव भांड्यात पडला. "मग झालं की! नऊ बायका आहेत. एकीचेही पाच लाख होत नाहीत."

ती पावत्या चाळत गेली. एक, दोन, तीन. तिचा हात सावकाश होत गेला. मग म्हणाली, "बायका नऊ असतील, काकू. ठेवीदार एकच आहे."

"म्हणजे?"

"सगळं तुमच्या नावावर आहे. तुमची स्वतःची ठेव धरून सात लाख चाळीस हजार होतात. पाच मिळतील."

"आणि वरचे?"

ती पंख्याकडं बघायला लागली. "बँकेची वसुली झाली, तर. कधी होईल ते मला नाही सांगता येत." मग हळूच म्हणाली, "ज्याच्या त्याच्या नावावर असते ना काकू, तर सगळ्यांना सगळे परत मिळाले असते."

अहो, ऐकलंत? तुम्ही काहीच चांगलं केलं नसतंत, तर त्या वाचल्या असत्या! तुमच्या मायेनं त्यांचे पैसे गेले. त्या दिवशी मी बँकेच्या पायरीवर बसून राहिले. रडू आलं नाही. माणूस फार हबकला की रडत नाही, हे तुम्ही गेलात तेव्हाच मला कळलं होतं.

मग मी ठरवलं, ही बँक बुडवली कुणी ते शोधायचं. वाचनालयात गेले, महिनाभराचे पेपर काढून बसले. तिथले सर म्हणाले, "आजी, परीक्षा आहे का?" मी म्हटलं, "हो, आणि पेपर अवघड आहे."

मला एखादा चोर सापडेल असं वाटलं होतं. शिव्या द्यायला बरा! पण सापडलं ते असं. बँकेनं बराचसा पैसा एका टॉवेलवाल्या शेठजींना कर्जाऊ दिला होता. शेठजींचा माल अमेरिकेला जायचा. तिकडच्या सरकारनं आपल्या मालावरचा कर एकदम वाढवला. तिथल्या व्यापाऱ्यांनी ऑर्डरी थांबवल्या. माल गोदामात, कंटेनर बंदरात, यंत्रमाग बंद. शेठजींचे हप्ते थांबले आणि बँकेतला पैसा आटला. कुणीतरी दूर देशात एका कागदावर सही केली आणि भवानी पेठेत नरसम्माची पिशवी रिकामी झाली!

आणि तुम्हाला माहिती आहे ते टॉवेल कुठले? त्याच शेठजींच्या कारखान्यात मी कडा शिवत होते. बँक बंद व्हायच्या आधी दोन महिने सुपरवायझरनं आम्हा बायकांना सांगितलं होतं, "मावशी, आर्डर न्हाई, घरी बसा आठ दिवस." त्याच्या आठ दिवसांचे दोन महिने झाले तरी मला काही कळलं नाही. माझं काम थांबलं म्हणजे आपली बँक हलली, असं कुणाच्या डोक्यात येईल? इथला टॉवेल, तिथला कर, आपली बँक, हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं असतं, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली आणि मी पेपर मिटून ठेवला. शेठजींनी आपला सगळा माल एका देशाला विकला. बँकेनं आपला पैसा एका शेठजींना दिला. आणि तुम्ही नऊ बायकांचं आयुष्य एका नावावर ठेवलंत. कुणाचीच नियत वाईट नव्हती हो. सगळ्यांना तेवढाच अर्धा टक्का जास्त हवा होता.

तुम्हाला शेठजींच्या ओळीत बसवलं म्हणून राग आला का? येऊ दे.

आता आजचं सांगते. विम्याच्या पैशांचा मेसेज आला आणि मला पहिला विचार काय आला असेल? नरसम्माचा? नाही. गुडघ्याचा. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. दुसरा विचार स्लॅबचा, पावसात गळतो तो. नरसम्मा आली ती तिसरी. मला माझीच लाज वाटली. पण तुमच्यापासून काय लपवायचं?

पुण्याला विद्याला फोन केला. आपली लेक काही वाईट नाही, आईची काळजी आहे तिला. म्हणाली, "आई, आधी तुझे दोन लाख बाजूला काढ. मग उरलेले वाटून दे. कायद्यानं तर सगळेच तुझे आहेत. कुणी तुला विचारू शकत नाही."

"नऊ जणी चार वाजता विचारायला येणार आहेत."

"मग सगळ्यांना सारखी झळ बसू दे. तुझी एकटीची चूक आहे का?"

"विद्या, नरसम्माच्या नातीची नर्सिंगची फी सोमवारी भरायची आहे."

ती म्हणाली, "बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

असतं का हो सांगितलं? मी बराच वेळ तुमच्या फोटोकडं बघत होते. तुम्ही आपले तसेच, फोटोतही काही सांगत नाही.

मग माझी नजर खुंटीवरच्या खाकी पिशवीवर गेली. तुम्ही गेलात त्या दिवशी ती पिशवी तुमच्या आधी घरी आली होती. चहाच्या टपरीवर तुम्ही छातीला हात लावून खाली बसलात, लोकांनी तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि टपरीवाल्यानं पिशवी माझ्या हातात आणून दिली. दिवसभराची पिग्मी आत तशीच. म्हणाला, "वैनी, मोजून घ्या." मी मोजली नाही. पण दुसऱ्या दिवशी, तुमचं सगळं आटोपायच्या आधी, मीच विद्याला पिशवी घेऊन बँकेत पाठवलं. लोकांचा त्या दिवसाचा खाडा पडला नाही. भरल्या घरात मला तेवढंच एक काम सुचलं होतं.

तेव्हा माझ्या मनात आलं, त्या दिवशी मला न सांगता समजलं होतं. आज कुणाला विचारत बसलेय?

पण एक प्रश्न राहतोच. तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मी बोलून टाकीन असं वाटलं? की नको म्हणेन असं? मी नको म्हटलंच असतं! म्हटलं असतं, त्यांच्याच नावावर ठेवा, आपण दुसरी वाट काढू. तुम्ही सगळ्या बोळाचं ऐकून घ्यायचात. एकदा घरात विचारलं असतंत तर? तीन वर्षं त्या बायका संक्रांतीला तिळगूळ आणायच्या, कडक भाकरी आणायच्या. मला वाटायचं, एकट्या बाईची कीव येते यांना. त्या आपल्या तिजोरीला भेटायला येत होत्या! आणि तिजोरीला पत्ता नाही!

हसू येतंय का तुम्हाला? मलाही आत्ता लिहिताना आलं. पहिल्यांदाच, तीन महिन्यांत.

असो. सव्वातीन झाले. मी काय ठरवलं ते लिहून टाकते, म्हणजे ऐन वेळी माझं मन बदलणार नाही.

पाचही लाख त्यांचेच. आपले दोन लाख गेले असं मी धरून चालते. वसुली होऊन कधी आले तर आले. गुडघा अजून चालतोय, स्लॅबखाली बादली ठेवता येते.

त्यांच्या पावत्यांचे पाच लाख चाळीस हजार होतात. चाळीस कमी पडतात. नरसम्माला पूर्ण साठ देणार, सोमवार तोंडावर आहे. बाकी आठ जणींना प्रत्येकी पाच हजार कमी. रुक्सानाआपा भांडेल. भांडू दे, तिचा हक्क आहे. मी काही लपवणार नाही, तुमची चूकही नाही आणि गुडघ्याचा विचारही नाही.

उद्या सगळ्यांना दुसऱ्या बँकेत घेऊन जाते. प्रत्येकीचं खातं तिच्याच नावावर, अंगठा तिचाच. मोबाईलवर मेसेज नको असं लिहून देता येतं, मी परवाच विचारून आले. दोन मिनिटांचं काम आहे, अहो. दोन मिनिटांचं!

उरलेल्या चाळीस हजारांचं वचन मी तुम्हाला देते. अमेरिकेला न गेलेले टॉवेल आता इथंच स्वस्तात विकायला काढलेत. त्यावरची परदेशी लेबलं उसवायचं काम मला मिळालंय, डझनावर पैसे. ज्या लेबलांवर मी अक्षरं शिकले तीच आता ब्लेडनं काढते. त्यातून रोज पन्नास रुपये बाजूला पडतील. रोज संध्याकाळी तुमची खाकी पिशवी खांद्याला लावून मी बोळात जाणार. आज एकीच्या दारात, उद्या दुसरीच्या. तुम्ही घेत फिरलात, मी देत फिरेन. हिशेब केला, सव्वादोन वर्षं लागतील. तेवढं जगायलाच लागेल मला, तोवर वरून हाक मारू नका. आणि काळजी करू नका, खाडा पडू देणार नाही.

जिन्यात नरसम्माचा आवाज येतोय. "अक्का, हायस का घरात?" म्हणतेय. चार वाजायचे आहेत अजून, पण तिला कुठला धीर!

हे पत्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून बघितलं आहे, आणि मगच खाली सही करते.

तुमची
महानंदा